टॅक्स आणि संपत्तीचं वाटप: तेच तेच प्रश्न, एकदाची उत्तरं

मी लोकांचे रिटर्न भरून देतो, हाच धंदा आहे. त्यामुळे कुठेही निवडणूक लागली की ओळखीचे सगळे मलाच पकडतात, अर्धे म्हणतात श्रीमंतांना सोडू नका आणि अर्धे म्हणतात आम्ही कमवायचं आणि फुकट्यांनी खायचं हा कुठला न्याय. दरवेळी तेच बोलून घसा कोरडा पडतो म्हणून एकदा सगळं लिहून टाकतोय. माझी मतं यात मिसळलेली असणार, ती कुठे आहेत ते तुम्हाला कळेलच.

पगार वाढून वरच्या स्लॅबमध्ये गेलो तर हातात कमी पैसे येतात ना?

नाही. हा गैरसमज इतका चिवट आहे की लोक बोनस नको म्हणायला निघतात. वरचा दर फक्त वरच्या तुकड्यावर लागतो. समजा पहिल्या ५ लाखांवर काही नाही, ५ ते १० वर २० टक्के आणि त्याच्या वर ३० टक्के. १० लाख कमावणारा १ लाख भरेल. त्याचा पगार १० हजारांनी वाढला तर तो १ लाख ३ हजार भरेल, म्हणजे वाढीतले ७ हजार त्याच्याच खिशात. सगळ्या पगारावर ३० टक्के लागत नाहीत हो.

पण एक खरी गोची आहे आणि ती स्लॅबमध्ये नसते, सवलतींमध्ये असते. ब्रिटनमध्ये १ लाख पाउंडांच्या वर गेलं की करमुक्त रक्कम हळूहळू कापली जाते, त्यामुळे १ लाख ते १ लाख २५ हजारांच्या पट्ट्यात खरा दर ६० टक्के पडतो आणि वर लहान मुलांच्या पाळणाघराची सरकारी मदत एकदम बंद. तिथे लोक मुद्दाम जास्तीचा पगार पेन्शनमध्ये वळवतात आणि त्यांचं गणित बरोबरच असतं. गरिबांच्या योजनांचंही असंच, मर्यादा एका रुपयाने ओलांडली की सगळं बंद, मग माणूस जास्त काम कशाला करेल. गंमत म्हणजे सवलत अशी एकदम तुटते त्या या कड्यांवर कुठलाच पक्ष सभेत बोलत नाही, कारण समजावायला पाच मिनिटं लागतात आणि घोषणा पाच सेकंदांची असते.

मग भांडण नेमकं कशावर आहे?

टीव्हीवर भांडण असतं ते दरावर. ३० हवा की ४०, ४५ ठेवायचा की काढायचा. माझ्या टेबलावरून दिसतं ते वेगळंच. दर किती याने फार फरक पडत नाही, फरक पडतो तो दोन गोष्टींनी: उत्पन्न कशाला म्हणायचं, आणि गोळा झालेला पैसा पुढे जातो कुठे. दर हा दाखवायचा दात आहे.

म्हणजे काय? उत्पन्न म्हणजे उत्पन्नच ना?

इथेच तर घोडं पेंड खातं.

माझ्याकडे दोघे जण येतात, नावं सोडा. एकाला पगार आहे, महिना संपायच्या आत टॅक्स कापूनच पैसे हातात येतात, लपवायचं म्हटलं तरी काही नाही. दुसऱ्याकडे शेअर्स आहेत, त्यांची किंमत वर्षात पहिल्याच्या दहा पगारांएवढी वाढली. टॅक्स? शून्य, कारण त्याने विकले नाहीत, आणि न विकलेला नफा बहुतेक देशांत उत्पन्न धरतच नाहीत. मग तो खातो काय? शेअर तारण ठेवून कर्ज काढतो, कर्ज हे उत्पन्न नाही, त्याच्यावर टॅक्स नाही. अमेरिकेत तर याच्यापुढची पायरी आहे, माणूस गेला की वारसांसाठी शेअरची खरेदी किंमत मृत्यूच्या दिवशीच्या भावाला आणून ठेवतात, म्हणजे आयुष्यभराचा नफा कागदावरून पुसला जातो. यात बेकायदा काहीच नाही, म्हणून तर पोलीस येत नाहीत.

अमेरिकेतले अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफेट यांनी २०११ मध्ये स्वतःच जाहीर लिहिलं होतं की त्यांनी करपात्र उत्पन्नाच्या १७.४ टक्के टॅक्स भरला आणि त्यांच्या ऑफिसातल्या बाकी लोकांची सरासरी ३६ टक्के होती. दर सगळ्यांना माहीत होतेच, फरक उत्पन्नाच्या जातीचा होता, मजुरीवर एक भाव आणि भांडवलावर दुसरा.

पण पूर्वी श्रीमंतांवर ९० टक्के टॅक्स होता, तेव्हा देश बुडाले का?

बुडाले नाहीत, पण ९० टक्के कुणी भरलेही नाहीत फारसे. अमेरिकेत १९५० च्या दशकात वरचा दर ९१ टक्के होता, तो लागायचा एकट्या माणसाच्या २ लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर, त्या काळी म्हणजे मूठभर लोक, आणि त्यांचे वकील काय झोपले नव्हते. पुढे १९८८ पर्यंत तो दर २८ वर आला. डावीकडचे ९१ चा आकडा नाचवतात आणि उजवीकडचे पळवाटांची यादी, दोघेही अर्धंच सांगतात. त्या काळात वरच्या लोकांकडून आजच्यापेक्षा जास्त वसूल व्हायचं का, यावर अर्थशास्त्रज्ञांमध्ये अजून हाणामारी आहे, पण ९१ च्या जवळपासही वसुली नव्हती यावर सगळे एक आहेत.

भारताचं उदाहरण तर आणखी भारी. १९७३-७४ मध्ये सरचार्ज (करावर लागणारा जादा कर) धरून वरचा दर ९७.७५ टक्के होता. शंभरातले सव्वादोन रुपये घरी न्यायचे! वर संपत्ती कर वेगळा. लोकांनी काय केलं असेल ते सांगायला चाणक्य नको, पैसा जमिनीखाली गेला. पुढच्याच वर्षी सरकारने दर ७७ वर आणला.

आणि स्वीडन. १९७६ साली लहान मुलांसाठी लिहिणाऱ्या तिथल्या एका लाडक्या लेखिकेच्या लक्षात आलं की स्वतःचा व्यवसाय म्हणून लागणारी सामाजिक सुरक्षेची वर्गणी धरून तिचा वरचा दर १०२ टक्के होतोय. तिने त्याच्यावर पेपरात एक खवचट परीकथा लिहिली, अर्थमंत्र्यांनी तिच्या हिशोबाची टर उडवायला घेतली, आणि हिशोब तिचाच बरोबर निघाला. त्याच वर्षी ४४ वर्षं सत्तेत असलेला पक्ष निवडणूक हरला. कारणं आणखीही होती, पण बाई त्या पक्षाच्याच मतदार होत्या हे विसरू नका.

टॅक्स कमी केला की अर्थव्यवस्था वाढते आणि उलट जास्त टॅक्स गोळा होतो, हे खरं का?

कधी कधी. दर ९७ असेल तर कमी करून वसुली वाढू शकते. दर ५ असेल तर नाही. दोन टोकांवर कुणाचंच भांडण नाही, मधल्या भागात कोण कुठे उभा आहे यावर सगळं अवलंबून आहे, आणि नेते हा मधला भाग गाळून बोलतात.

अमेरिकेतल्या कॅन्ससने २०१२ मध्ये हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. राज्याचा वरचा आयकर दर ६.४५ वरून ४.९ वर आणला आणि छोट्या धंद्यांच्या मालकांना व्यवसायातून थेट मिळणाऱ्या उत्पन्नावर टॅक्स शून्य केला. मग काय, बरेच लोक पगारदाराचे रातोरात धंदेवाले झाले, कागदावर. तिजोरीत खड्डा पडला, शाळा-रस्त्यांच्या पैशांची ओढाताण झाली, आणि २०१७ मध्ये गव्हर्नरच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या विधिमंडळाने त्याचा व्हेटो मोडून कपात मागे घेतली. विरोधकांनी केलं असतं तर राजकारण म्हणता आलं असतं, इथे घरच्यांनीच केलं.

ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये लिझ ट्रस सरकारने ४५ टक्क्यांचा दर काढायची घोषणा केली, पैसे कुठून आणणार ते न सांगता. पाउंड डॉलरसमोर नीचांकाला गेला, सरकारी रोखे कोसळले, बँक ऑफ इंग्लंडला मध्ये पडावं लागलं. दहा-बारा दिवसांत निर्णय मागे आणि दोन महिन्यांच्या आत पंतप्रधानही घरी. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, बाजारालाही एवढं कळतं.

टॅक्स वाढवला तर श्रीमंत देश सोडून जातील, त्याचं काय?

काही जातात, बहुतेक जात नाहीत. मुलांची शाळा, आईवडील, धंद्यातल्या ओळखी, भाषा, हे सगळं सोडून फक्त टॅक्ससाठी जायला बरंच धाडस लागतं. पण जे थोडे जातात ते फार मोठे असतात, आणि बातमी त्यांचीच होते. नॉर्वेने २०२२ मध्ये संपत्ती कर वाढवला तेव्हा बरेच धनाढ्य स्वित्झर्लंडला गेले. सरकारने काय केलं, जाताना लागणारा टॅक्स कडक केला, म्हणजे इथे असताना वाढलेल्या शेअर्सचा हिशोब चुकता करा आणि मग खुशाल जा. २०२५ ची तिथली निवडणूक बऱ्यापैकी याच मुद्द्यावर लढली गेली आणि संपत्ती कर ठेवणारे जिंकले.

विनोद असा की ते पळून गेले तो स्वित्झर्लंड स्वतः संपत्ती कर घेतो! तिथल्या प्रांतांमध्ये तो जुना आहे. फक्त दर कमी आहे आणि खासगी माणसाच्या शेअर विक्रीच्या नफ्यावर सहसा टॅक्स नाही, त्यामुळे बेरीज-वजाबाकी करून परवडतं.

मग संपत्ती कर चांगला की वाईट?

कल्पना म्हणून मला आवडतो, कागदावर उतरवताना घाम फुटतो.

ओईसीडीच्या (मुख्यतः श्रीमंत देशांचा गट) देशांमध्ये १९९० साली १२ देशांत असा वार्षिक कर होता, २०१७ पर्यंत ४ उरले. स्वीडनने २००७ मध्ये बंद केला, फ्रान्सने २०१८ पासून फक्त स्थावर मालमत्तेपुरता ठेवला. कारण बघायला गेलं तर सगळीकडे तेच: सूट द्या, सूट द्या करत करत खऱ्या बड्यांची मालमत्ता बाहेर पडते आणि ज्याचं घर महाग झालंय पण हातात रोकड नाही असा मधला माणूस अडकतो. चोर सोडून संन्याशाला फाशी. शिवाय किंमत ठरवणं हा एक स्वतंत्र ताप आहे. बाजारात नसलेल्या कंपनीची किंमत काय, चित्राची काय, हिऱ्याची काय? तीन तज्ज्ञ बसवले तर चार आकडे येतील.

भारताने १९५७ मध्ये संपत्ती कर आणला आणि २०१५ च्या बजेटमध्ये काढला. तेव्हा अर्थमंत्री जेटली यांनी संसदेत आकडा दिला होता, २०१३-१४ मध्ये अख्ख्या देशातून वसुली फक्त १,००८ कोटी. त्याच्या जागी १ कोटीच्या वरच्या उत्पन्नावर २ टक्के जादा सरचार्ज लावला आणि त्यातून ९,००० कोटींची अपेक्षा धरली. म्हणजे नाव गेलं, पैसा वाढला. 'श्रीमंतांचा कर रद्द' अशी हेडलाइन वाचून चिडणाऱ्यांनी दुसरी ओळ वाचलीच नव्हती.

आता नवीन प्रस्ताव आहे फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ गॅब्रिएल झुकमन यांचा: अब्जाधीशांनी सगळे टॅक्स मिळून संपत्तीच्या निदान २ टक्के भरलेच पाहिजेत. जी-२० मध्ये ब्राझीलने २०२४ ला तो टेबलावर आणला. मधल्या लोकांना हातच लावायचा नाही ही यातली हुशारी. फ्रान्समध्ये १० कोटी युरोच्या वरच्या संपत्तीसाठी असं विधेयक फेब्रुवारी २०२५ मध्ये खालच्या सभागृहात पास झालं आणि जूनमध्ये सिनेटने उडवलं. किंमत ठरवण्याचा ताप मात्र याच्यातही आहेच, नवीन कंपनी काढलेला माणूस कागदावर अब्जाधीश आणि बँकेत कडकी, त्याने २ टक्के आणायचे कुठून?

वारसा कर म्हणजे मेलेल्या माणसाच्या टाळूवरचं लोणी खाणं नाही का?

भावना समजते. बापाने टॅक्स भरूनच कमावलं, आता परत कशाला? पण वर सांगितलं तसं, मोठ्या संपत्तीतला बराचसा भाग म्हणजे न विकलेला नफा, त्याच्यावर एकदाही टॅक्स लागलेला नसतो. 'दोनदा कर' हा मुद्दा पगारातून साठवलेल्या घराला लागू पडतो, हजारो कोटींच्या शेअर्सना फारसा नाही. आणि मुलाच्या बाजूने बघितलं तर त्याच्यासाठी ही कमाई पहिलीच आहे, तीही बसल्या जागी.

जवळून बघायचं तर दक्षिण कोरिया बघा. तिथे वारसा कराचा वरचा दर ५० टक्के, कंपनीवर ताबा देणारे शेअर असतील तर ६० पर्यंत. सॅमसंगचे अध्यक्ष ली कुन-ही २०२० मध्ये गेले, कुटुंबाने २०२१ मध्ये जाहीर केलं की १२ लाख कोटी वोनपेक्षा जास्त कर भरू, पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने. त्यासाठी कर्जं काढली, शेअर विकले, आणि साधारण २३ हजार कलावस्तू सरकारी संग्रहालयांना देऊन टाकल्या. कंपनी बंद पडली का? नाही. कुटुंबाचा ताबा गेला का? तोही नाही. पण हेही खरं की कंपनीवरचा ताबा सुटू नये म्हणून तिथली मोठी घराणी वर्षानुवर्षं शेअर्सची नाना गुंतागुंतीची जुळणी करत बसतात, आणि त्याचा त्रास छोट्या शेअरधारकांना होतो.

उलट बाजूला स्वीडनने वारसा कर २००४ च्या अखेरीस काढला, तोही समाजवादी सरकारने. भारतात १९५३ ते १९८५ इस्टेट ड्यूटी होती, जमा थोडी आणि कोर्टकचेऱ्या जास्त म्हणून गेली.

सगळ्यांना एकच रक्कम लावा ना, सरळ सोपं!

ब्रिटनच्या पंतप्रधान असताना मार्गारेट थॅचर यांनी करून बघितलं. माणशी ठराविक कर, बंगल्यातला असो की एका खोलीतला. स्कॉटलंडमध्ये १९८९, इंग्लंडमध्ये १९९०. मार्च १९९० मध्ये लंडनच्या ट्रॅफल्गर स्क्वेअरवर दंगल, नोव्हेंबरमध्ये बाईंचा राजीनामा. पुढचा प्रश्न.

गरीब तर टॅक्सच भरत नाहीत, मग त्यांचा आवाज कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त चिडवतो. आयकर भरत नाहीत, टॅक्स भरतात. साबणावर, चपलेवर, मोबाइलच्या रिचार्जवर, दुकानात जे काही घेतो त्याच्यात टॅक्स बसलेलाच असतो, फक्त त्याची पावती कुणी फ्रेम करून ठेवत नाही. आणि ज्याची सगळी कमाई महिनाअखेर खर्च होते त्याच्या कमाईतला मोठा हिस्सा या टॅक्सखाली येतो, ज्याची अर्धी कमाई गुंतवणुकीत जाते त्याचा कमी. प्रमाण काढलं की चित्र उलटं दिसतं.

२०१८ मध्ये फ्रान्समध्ये काय झालं आठवा. वर्षाच्या सुरुवातीला बड्यांचा संपत्ती कर कापला, आणि वर्षअखेर इंधनावरचा कर आणखी वाढवायचा बेत. गावाकडून रोज गाडीने कामाला जाणारे लोक पिवळी जॅकेटं घालून चौकाचौकात बसले. प्रत्येक गाडीत ते जॅकेट ठेवायचं तिथे कायद्यानेच बंधन आहे, त्यामुळे आंदोलनाचा गणवेश सरकारनेच आधी वाटून ठेवलेला! दोन्ही निर्णय सुटे सुटे बघितले तर अर्थशास्त्रात बसतातही, शेजारी ठेवले की लोकांना जे दिसायचं ते दिसलं.

मग स्कँडिनेव्हियात एवढी समानता आहे ती श्रीमंतांना पिळूनच ना?

नाही, आणि डावीकडच्या मित्रांना हे ऐकायला आवडत नाही. स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे तिन्हीकडे व्हॅटचा (आपल्या जीएसटीसारखा खरेदीवरचा कर) मुख्य दर २५ टक्के आहे आणि तो सगळे भरतात, नर्सही आणि उद्योगपतीही. वरचा आयकर दरही तिथे फार लवकर लागतो, अब्जाधीश व्हावं लागत नाही. डेन्मार्कमध्ये एकूण टॅक्स जीडीपीच्या ४० टक्क्यांच्या वर, ओईसीडीची सरासरी साधारण ३४, अमेरिका साधारण २५. कागदावर अमेरिकेचा भार वरच्या लोकांवर जास्त झुकलेला आहे, पण गोळाच कमी होतं त्यामुळे वाटायला कमी उरतं. समानता येते ती बऱ्याच अंशी खर्चाच्या बाजूने: शाळा, दवाखाना, पाळणाघर, पेन्शन, सगळ्यांना सारखं. सगळे भरतात आणि सगळ्यांना मिळतं, म्हणून भरताना कुरकुर कमी.

'फक्त वरच्या १ टक्क्याकडून घेऊ आणि सगळ्यांना सगळं देऊ' असं कुणी म्हणालं तर त्याला कॅल्क्युलेटर द्या.

हातात पैसे वाटणं म्हणजे लोकांना आळशी बनवणं ना?

ब्राझीलची बोल्सा फमिलिया योजना २००३ मध्ये सुरू झाली. पैसे शक्यतो घरातल्या बाईच्या नावावर, मुलं शाळेत गेली पाहिजेत आणि लसी टोचल्या पाहिजेत ही अट. पहिली दहा-पंधरा वर्षं खर्च जीडीपीच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणि पोचली देशातल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या लोकांपर्यंत. एवढ्या तुटपुंज्या रकमेवर कुणी काम सोडून खाटेवर पडत नाही हो. आणि 'गरिबाला थेट पैसे द्या, बाकी योजनांचा पसारा बंद करा' असं १९६२ मध्ये म्हणणारा माणूस मिल्टन फ्रीडमन होता, खुल्या बाजाराचा कट्टर पुरस्कर्ता. पक्षाचा झेंडा बघून मत ठरवणाऱ्यांची इथे पंचाईत होते.

निवडणुकीच्या दोन महिने आधी जाहीर होणाऱ्या आणि पैसे कुठून येणार ते न सांगणाऱ्या योजनांबद्दल विचाराल तर ती वेगळी गोष्ट, त्याला मी वाटप म्हणत नाही, ॲडव्हान्स म्हणतो.

कंपन्यांचं काय? त्या तर कुठल्यातरी बेटावर नफा दाखवतात.

दाखवायच्या, अजूनही दाखवतात, थोडं अवघड झालंय. २०२१ मध्ये १३० च्या वर देशांनी मोठ्या कंपन्यांवर निदान १५ टक्के टॅक्स असं ठरवलं, ७५ कोटी युरोच्या वर उलाढाल असलेल्यांना. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने त्यातून अंग काढून घेतलं. म्हणजे गाडं अडलंय, पण चाकं निखळलेली नाहीत. परदेशी खात्यांची माहिती २०१७ पासून बरेच देश एकमेकांना आपोआप देतात, त्यामुळे 'स्विस बँकेत ठेवलंय' ही बढाई आता माझ्या ऑफिसात कुणी मारत नाही.

तुमची स्वतःची बाजू कुठली ते सांगा आता.

मजुरी आणि भांडवल यांना एकच भाव लावा. मेल्यावर नफा पुसणं बंद करा. जमिनीच्या किमतीवर कर वाढवा, कारण जमीन सुटकेसमध्ये भरून कुठे नेता येत नाही. सवलतींची यादी अर्धी करा, यात माझाच धंदा अर्धा होईल हे माहीत आहे. वरचा दर मग ३५ ठेवा की ४०, मला फार फरक पडत नाही.

पगारदार गृहस्थ परवाच विचारत होते की त्या दुसऱ्यासारखं काही आपल्यालाही करता येईल का, कर्ज वगैरे काढून. मी विचारलं तारण काय ठेवणार? ते म्हणाले पगाराची स्लिप.